चार आकडे आणि हरवलेला वैमानिक

‘द लिटल प्रिन्स’ तुम्ही वाचलं असेल किंवा नसेल, पण त्यातला सोनेरी केसांचा, गळ्यात स्कार्फ घातलेला छोटा मुलगा कुठे ना कुठे पाहिलाच असेल. मैत्रिणीच्या टी-शर्टवर, कुणाच्या मोबाइल कव्हरवर, नाहीतर एखाद्या स्टेटसला. तो मुलगा आपल्याला पक्का ओळखू येतो. पण त्याला जन्म देणाऱ्या माणसाचं विमान ओळखायला जगाला जवळजवळ साठ वर्षं लागली, हे माहितीये?

त्या माणसाचं नाव आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी. नाव उच्चारताना बोबडी वळते ना? काळजी नको, त्याचे मित्रसुद्धा त्याला नुसतं सेंतेक्स म्हणायचे. आपणही तेच म्हणू.

सेंतेक्सचा जन्म १९००चा, फ्रान्समधल्या लियोंचा. तो चार वर्षांचा होण्याआधीच वडील गेले. बाराव्या वर्षी घराजवळच्या धावपट्टीवर त्याला पहिल्यांदा विमानात बसायला मिळालं आणि ते वेड आयुष्यभर उतरलं नाही. पण त्याचं करिअर अगदी सरळ रेषेत गेलं, असं समजू नका. नौदलाच्या प्रवेश परीक्षेत तो नापास झाला. लष्करी सेवेत विमान चालवायला शिकला, तर १९२३मध्ये पॅरिसजवळच्या ल बूर्जे इथे विमान कोसळून त्याची कवटी फ्रॅक्चर झाली. मग काही काळ ऑफिसात बसून काम केलं, ट्रक विकण्याची नोकरी केली. ती त्याला अजिबात जमली नाही.

१९२६मध्ये तो टपाल नेणाऱ्या विमान कंपनीत लागला आणि त्याला त्याची जागा सापडली. तुलूझपासून आफ्रिकेतल्या डाकारपर्यंत पत्रांच्या थैल्या न्यायच्या. विमानं साधी, इंजिन कधीही दगा देणार, खाली वाळवंट. पुढच्या वर्षी त्याला केप जुबी नावाच्या एकाकी तळाचा प्रमुख केलं. वाळवंटात अडकलेले वैमानिक सोडवून आणणं, स्थानिक टोळ्यांशी बोलणी करणं ही त्याची ड्युटी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळू. तिथेच त्याने पहिली कादंबरी लिहिली. १९३१मध्ये ‘नाइट फ्लाइट’ आली आणि तो फ्रान्समधला नावाजलेला लेखक झाला.

उडणं मात्र सोडलं नाही. १९३५च्या डिसेंबरात पॅरिसहून सायगावला विक्रमी वेळेत पोहोचायच्या नादात त्याचं विमान लिबियाच्या वाळवंटात आपटलं. तो आणि त्याचा मेकॅनिक वाचले, पण जवळ पाणी जवळजवळ नव्हतंच. दोघं कित्येक दिवस भटकले, भास व्हायला लागले. शेवटी एका बदाउनी माणसाने त्यांना पाहिलं म्हणून जगले. ‘द लिटल प्रिन्स’ची सुरुवात वाळवंटात विमान बिघडलेल्या वैमानिकापासून का होते, आता कळलं?

ते पुस्तक १९४३मध्ये न्यू यॉर्कमध्ये प्रसिद्ध झालं. फ्रान्स तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होता. सुरक्षित अमेरिकेत राहून लिहीत बसता आलं असतं. पण हा गडी उत्तर आफ्रिकेत आपल्या जुन्या तुकडीत परत गेला. वय त्रेचाळीस. जुन्या अपघातांनी अंग इतकं आखडलेलं, की वैमानिकाचा सूट घालायलाही दुसऱ्याची मदत लागायची. एका उतरण्यात चूक झाली आणि त्याला उडायची बंदी झाली. त्याने वरिष्ठांचा इतका पिच्छा पुरवला, की शेवटी पाच उड्डाणांची परवानगी मिळाली. त्याने त्याहून जास्त केली.

३१ जुलै १९४४च्या सकाळी तो कॉर्सिका बेटावरून निघाला. विमान लॉकहीड पी-३८ लाइटनिंग, पण टेहळणीचं. म्हणजे बंदुका काढून तिथे कॅमेरे बसवलेलं. काम फ्रान्समधले फोटो काढून आणायचं. तो परतलाच नाही.

पुढे चोपन्न वर्षं नुसते अंदाज. १९९८मध्ये मार्सेजवळ एका मच्छीमाराच्या जाळ्यात चांदीचं ब्रेसलेट आलं. त्यावर सेंतेक्सचं नाव, पत्नी कोन्सुएलोचं नाव आणि न्यू यॉर्कच्या प्रकाशकाचा पत्ता. तुम्हाला वाटेल, झालं, सापडला! तसं झालं नाही. अनेकांना ते ब्रेसलेट बनावट वाटलं. शिवाय ब्रेसलेट सापडलं म्हणजे विमान सापडलं असं होत नाही ना.

२०००मध्ये त्याच भागात, रियू बेटाजवळ, एका पाणबुड्याने विमानाचे अवशेष पुढे आणले. पण दुसऱ्या महायुद्धात त्या किनाऱ्यावर कितीतरी विमानं पडली होती. तिथे जवळच एका जर्मन विमानाचं इंजिनही निघालं. पी-३८ तर दहा हजारांच्या आसपास बनली. मग हे नेमकं त्याचंच, हे कसं ठरवायचं?

इथे खरी डिटेक्टिव्हगिरी सुरू होते. आधी तुकड्यांच्या आकारावरून विमानाचा प्रकार ठरतो. मग त्या प्रकारातलं कोणतं मॉडेल, हे बारीक फरकांवरून कळतं. मग त्या भागात त्या मॉडेलची कोणती विमानं हरवली, याच्या लष्करी नोंदी काढायच्या आणि एकेक नाव वगळत जायचं. तरीही शंभर टक्के खात्री मिळते ती आकड्यांतूनच. २००३मध्ये काही तुकडे वर काढले, साफ केले आणि एका भागावर कारखान्यातला क्रमांक दिसला : २७३४, पुढे ‘एल’ हे अक्षर. लॉकहीडच्या नोंदींत २७३४ म्हणजे लष्करी क्रमांक ४२-६८२२३. त्या सकाळी सेंतेक्स घेऊन गेलेलं विमान! एप्रिल २००४मध्ये अधिकृत शिक्कामोर्तब झालं.

तो पडला कसा, हे मात्र त्या तुकड्यांनी सांगितलं नाही. गोळ्यांच्या खुणा मिळाल्या नाहीत, पण विमानाचा थोडाच भाग हाती लागल्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नाही. नंतर एका माजी जर्मन वैमानिकाने आपणच ते पाडल्याचं सांगितलं, त्यालाही भक्कम पुरावा नाही. क्रमांकावरून विमान कोणाचं ते कळतं. शेवटच्या मिनिटाला आत बसलेल्या माणसाचं काय झालं, ते नाही कळत.

मी हे वाचत होते तेव्हा राहून राहून कारखान्यातल्या त्या कामगाराचा विचार येत होता. १९४३च्या सुमारास कॅलिफोर्नियात कुणीतरी रोजचं काम म्हणून तो क्रमांक टाकला असेल, पुढचा भाग हातात घेतला असेल आणि शिफ्ट संपल्यावर घरी गेला असेल. हे विमान कोण चालवणार, त्याला काय ठाऊक! त्याने कंटाळून एक आकडा चुकवला असता, तर तो ढीग आजही बेनाम राहिला असता. आपल्याला बोअर वाटणारी, कुणी बघणार नाही अशी कामं नीट का करायची, याचं उत्तर मला तरी तिथे मिळालं.

ते तुकडे आता ल बूर्जेच्या विमान संग्रहालयात आहेत. हो, तेच ल बूर्जे, जिथे १९२३मध्ये तो पहिल्यांदा कोसळला होता. कधी पॅरिसला गेलात, तर आयफेल टॉवरच्या सेल्फीनंतर तिकडेही चक्कर मारा. चिरडलेल्या त्या पत्र्यांकडे बघताना घाई मात्र करू नका.