दाराकडे पाठ

१९८८ साली माझी बदली नगरच्या शाखेत झाली. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असत. एक माझ्याकडे आणि दुसरी हेड कॅशियरकडे. दोघे हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नसे आणि बंदही होत नसे. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ आम्हा दोघांची गाठ बांधलेलीच. हेड कॅशियर निवृत्तीला टेकलेले होते. सारी शाखा त्यांना चाचा म्हणायची, मीही म्हणू लागलो.

त्या वर्षी वर्तमानपत्रांत मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या तीस पानांची धामधूम चालली होती. मौलाना गेले १९५८ साली. त्यांच्या आत्मकथनातली काही पाने तीस वर्षे मोहोरबंद राहावीत अशी त्यांची इच्छा होती. ती पाने आता उघडली आणि नेहरूंविषयी, काँग्रेसविषयी मौलाना काय म्हणाले यावर रकानेच्या रकाने भरू लागले. आमच्या जेवणाच्या सुट्टीतही तोच विषय. चाचा मात्र मान हलवायचे. लोक भलतेच पुस्तक वाचताहेत, असे त्यांचे म्हणणे. एके दिवशी कॅश टॅली झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक जुने उर्दू पुस्तक काढले आणि पाच-सहा ओळी वाचून मला त्यांचा अर्थ सांगितला. पुढे दोन-तीन महिने हा परिपाठच झाला. पुस्तकाचे नाव ‘गुबार-ए-खातिर’. हे पुस्तक आमच्या शाखेपासून सायकलीने दहा मिनिटांवर असलेल्या किल्ल्यात लिहिले गेले, हे मला तोवर ठाऊकही नव्हते.

आझादांविषयी आपल्याला शाळेत शिकवले जाते ते एवढेच : काँग्रेसचे अध्यक्ष, देशाचे पहिले शिक्षणमंत्री, काळी टोपी आणि टोकदार दाढी. माणूस मात्र गुंतागुंतीचा होता. जन्म १८८८चा, मक्केतला. वडील नामांकित पीर. कलकत्त्यात त्यांच्या शिष्यांची रीघ असे आणि मुलाने तीच गादी चालवावी अशी अपेक्षा होती. मुलगा अफाट बुद्धीचा निघाला. घरीच शिकला, मिसरूड फुटण्याआधीच लिहू लागला आणि मग त्याच्या मनात शंकेचा किडा शिरला. वाडवडिलांची श्रद्धा केवळ वाडवडिलांची म्हणून आपली कशी मानायची? ‘आझाद’ हे टोपणनाव त्याने घेतले ते या वारशातून सुटल्याची खूण म्हणून. काही वर्षे तो नास्तिकतेच्या काठापर्यंत जाऊन आला. परतला तो स्वतःच्या पायांनी, स्वतःची वाट काढून. त्यामुळे त्यांच्या श्रद्धेत वारशाने मिळालेल्या घराची ऊब कमी आणि स्वतः वीट-वीट रचलेल्या भिंतीचा ताठपणा जास्त आहे. तो ताठपणा पुढे उपयोगी पडला आणि नडलाही.

९ ऑगस्ट १९४२च्या पहाटे मुंबईत धरपकड झाली. खास आगगाडीने गांधीजींना पुण्याकडे नेले आणि कार्यकारिणीच्या मंडळींना नगरच्या किल्ल्यात आणले. आझाद तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. किल्ल्यात एकूण बारा जण जमले. त्यांत नेहरू, पटेल, पंत, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव होते आणि आपले शंकरराव देवही. अंगणाभोवती खोल्यांची रांग, बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला, सुरुवातीला वर्तमानपत्रसुद्धा नाही.

मौलाना पहाटे साडेतीन-चारला उठत. ही सवय वडिलांच्या घरातली. त्या वेळी स्वतःच्या हाताने चहा करत, तोही चिनी, मोगऱ्याच्या वासाचा, दुधाशिवाय. चहात दूध घालणाऱ्यांची त्यांनी जी टिंगल केली आहे ती ऐकताना आम्ही दोघे समोरच्या टपरीवरचा दुधाळ, गोड चहा पीत असू. त्या शांत वेळी ते आपल्या मित्राला, नवाब हबीबुर रहमान खान शेरवानींना, पत्रे लिहीत. ती टपालात पडणार नाहीत हे ठाऊक असूनही लिहीत. त्या न धाडलेल्या पत्रांचे पुस्तक १९४६ साली निघाले, तेच हे ‘गुबार-ए-खातिर’. त्यात देवाविषयी आहे तसेच चिमण्यांविषयीही आहे. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी आधी त्यांनी बांबू घेऊन युद्ध केले, हरले, मग तांदूळ टाकून तह केला. एकीचे नाव मोती, एकाचे कलंदर, एका भांडखोराचे मुल्ला!

१९४३च्या मार्चअखेरीस कलकत्त्याहून खबर आली : पत्नी जुलेखा बेगम अत्यवस्थ आहेत. छत्तीस वर्षांचा संसार. पण त्यातली कितीतरी वर्षे रांचीच्या स्थानबद्धतेत, तुरुंगात आणि दौऱ्यांवर गेलेली. मूल एकच झाले आणि तेही लहानपणीच गेले. ३ ऑगस्टला मुंबईला निघताना बेगम दारापर्यंत आल्या होत्या. तेराएक तारखेपर्यंत परततो असे हे सांगून निघाले. त्यांनी निरोपाच्या शब्दापलीकडे काही म्हटले नाही. डोळे कोरडे होते, पण चेहरा रडत होता, हे यांना तुरुंगात बसून पुन्हा पुन्हा आठवत राहिले.

तुरुंगाच्या सुपरिंटेंडेंटने सुचवले की, सरकारला काही कळवायचे असेल तर तो अर्ज तातडीने मुंबईला पाठवील. आझादांनी नकार दिला. ज्या सरकारशी लढाई चालू आहे त्याच्यापुढे पत्नीच्या आजारासाठी हात पसरायचा नाही. दुपारी नेहरू येऊन बराच वेळ बोलले. त्यांनाही तेच उत्तर मिळाले. हा निर्णय बरोबर होता का? वाचताना मला तेव्हा फार थोर वाटला होता. आता मी वयाने वाढलो आहे आणि त्या कलकत्त्याच्या बिछान्यावरच्या बाईचा विचार मनात आधी येतो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. इस्लाममध्ये संकटात आधार घ्यायचा तो दोन गोष्टींचा, सबर आणि नमाज. कुराणात त्यांची जोडीच सांगितली आहे. सबर म्हणजेच आपली सबुरी. याच नगर जिल्ह्यातल्या शिर्डीमुळे तो शब्द महाराष्ट्राच्या घरोघरी गेला आहे. सबर म्हणजे दगड होणे नव्हे. प्रेषितांचा लहानगा मुलगा इब्राहिम गेला तेव्हा तेही रडले होते. डोळ्यांनी रडावे, मनाने झुरावे, फक्त जिभेने देवाशी भांडण काढू नये आणि हातातला दिवस मोडून टाकू नये, एवढीच अट. बाकीचे काम दिवसातून पाच वेळा येणारी नमाज करते. माणूस कोसळलेला असला तरी वेळ झाली की उठायचे, हातपाय धुवायचे, उभे राहायचे, वाकायचे, कपाळ जमिनीला टेकायचे.

आझादांनी ते दिवस असेच काढले. जेवणासाठी दिवसातून चार वेळा खोलीबाहेर पडून रांगेच्या टोकाच्या खोलीत जावे लागे. ते मिनिटाच्या हिशेबाने जात राहिले. भूक मेली होती, तरी चार घास घशाखाली ढकलत. रात्री अंगणात सोबत्यांबरोबर बसणेही चुकवले नाही.

आणि मग ते वर्तमानपत्र! ते बारा-एकच्या सुमारास येई. जेलर ते घेऊन थेट यांच्या खोलीत शिरे. पावले वाजली की काळीज धडधडू लागे. आज आत काय छापून आले असेल? पण सोफ्याची पाठ दाराकडे होती. माणूस समोर येऊन उभा राहीपर्यंत त्याला यांचा चेहरा दिसत नसे. तेवढे दोन-चार क्षण चेहरा नीट करायला पुरत. जेलर समोर आला की हे नेहमीसारखे हसत, वर्तमानपत्र मेजावर ठेवायची खूण करत आणि पुन्हा लिहिण्यात गढल्यासारखे दाखवत, जणू बातमी बघायची काही घाईच नाही.

हे सगळे आपल्याला ठाऊक आहे ते आझादांनी स्वतःच लिहून ठेवले म्हणून. दोन दिवसांनी त्यांनी मित्राला लिहिलेल्या पत्रात उघड कबूल केले की ते एक नाटक होते. आपल्या धीराला, प्रतिष्ठेला घाबरटपणाचा डाग लागू नये म्हणून आपला अहंकार ते वठवत होता.

चाचांनी हा भाग वाचला त्या संध्याकाळी ते थोडे थांबले. मुहासबा असा एक शब्द त्यांनी मला सांगितला. झोपण्याआधी माणसाने स्वतःचा हिशेब स्वतः तपासायचा, ही सूफींची जुनी शिकवण. हिशेब हा शब्द आपण मराठीत खतावणीपुरता ठेवला; त्याचे हे थोरले भावंड मला माहीत नव्हते. आझादांची नमाज आणि पहाट मोठी खरीच. पण मला त्यांच्या धार्मिकतेचा सर्वांत अवघड भाग या कबुलीत दिसतो. धीर धरणारे पुष्कळ असतात. आपल्या धीरात भेसळ किती होती, हे जोखून लिहिणारा विरळा.

९ एप्रिलला दुपारी दोनला सुपरिंटेंडेंटने सरकारी तार हातात ठेवली. नंतर कळले की रेडिओवरून बातमी त्याला सकाळीच समजली होती आणि काही सोबत्यांनाही ती ठाऊक होती. तीन महिन्यांनी भोपाळला बहीण आबरू बेगम आजारी पडल्या आणि त्याही गेल्या. किल्ल्याच्या त्या अंगणात एक जुनी कबर होती, कुणाची कुणास ठाऊक. शेकडो वेळा नजरेखालून गेलेली ती कबर आता मौलानांना कुणी जवळचे माणूस असल्यासारखी वाटू लागली. त्याच सप्टेंबरात त्यांनी संगीतावर एक लांबलचक पत्र लिहिले. तरुणपणी सतार शिकलो, चांदण्या रात्री ताजमहालाच्या गच्चीवर बसून वाजवली, अशा आठवणी त्यात आहेत. दोन मृत्यूंनंतरचे हे पत्र आहे, हे ध्यानात ठेवून ते वाचावे लागते.

रागाचेही त्यांनी असेच काहीसे केले. १९२१च्या अटकेत पोलिसांनी त्यांच्या कुराणभाष्याचे कागद नेले. परत आले ते फाटके, विस्कटलेले. कित्येक वर्षे त्यांच्याने त्या कामाला हात लावला गेला नाही. पुढे ते पुन्हा मांडून बसले आणि पहिला खंड १९३१ साली निघाला. फाळणीच्या आधी अलीगढच्या स्टेशनवर विद्यार्थ्यांनी त्यांची विटंबना केली. १९४७च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या जामा मशिदीत ते उभे राहिले, ते घाबरून निघालेल्यांना थांबवण्यासाठी. मोहोरबंद पानांचे मात्र मला अजून कोडे आहे. तो आवरलेला राग की साठवलेला? तीस वर्षांची मुदतठेव मोडली की व्याज धरूनच हातात येते, हे मी बँकेत पाहिले आहे.

चाचांचा राग मी एकदाच पाहिला. फाटक्या नोटांवरून एक ग्राहक सगळ्यांदेखत त्यांच्या आईवरून बोलला. चाचा उभे राहिले, थरथरले, खिडकी बंद करून मागच्या नळावर गेले. हात, तोंड, पाय धुऊन आले आणि बसून नोटा मोजू लागले. राग आला की बसावे, बसलेला असेल त्याने आडवे व्हावे, वजू करावी, अशी प्रेषितांची शिकवण असल्याचे त्यांनी मला पुढे सांगितले. त्यांचा तरणा मुलगा अपघातात गेला होता तेव्हा, शाखेतले लोक सांगत, ते चौथ्या दिवशी किल्ली घेऊन दारात हजर होते. तीन दिवसांपलीकडे सुतक धरायचे नाही हा त्यांचा नियम. मी धीर करून विचारले होते, त्या चौथ्या दिवशी कसे जमले? त्यांनी उत्तर दिले नाही. पण त्यांच्या टेबलाची मांडणी तेव्हा माझ्या ध्यानात आली. सगळ्यांची तोंडे काउंटरकडे होती, यांची खुर्ची भिंतीकडे.

दोन वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. भेटायला येणाऱ्यांशी मी फार नीट बोललो. चहा झाला का, गाडी कुठे लावली, सगळे विचारले. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. दिवस झाल्यावर एका दुपारी बेल वाजली आणि दार उघडण्याआधी आपण आरशासमोर चेहरा नीट करतो आहोत हे मला दिसले, तेव्हा नगरची ती संध्याकाळ आठवली. आझादांचे पुस्तक मी पुन्हा मिळवले, या वेळी नागरी लिपीतले.

१९४५च्या एप्रिलमध्ये आझादांना नगरहून बंगालमध्ये बांकुऱ्याला हलवले आणि जूनमध्ये सोडले. हावडा स्टेशनवर हीऽ गर्दी, बँड वाजत होता. मौलानांना तो सोसवेना. गाडीत हारांचा ढीग पडला होता. मिरवणूक घराकडे निघाली होती. त्यांनी मोटार वळवून आधी कबरस्तानात न्यायला सांगितली. जिथे तीन वर्षांपूर्वी बेगम निरोप द्यायला उभ्या होत्या त्या दारात त्यांना लगेच शिरायचे नव्हते. ढिगातला एक हार त्यांनी उचलला, बेगमच्या कबरीवर ठेवला आणि फातिहा पढून पुन्हा मोटारीत येऊन बसले.