श्वासाचे रहस्य शोधणारे हॉल्डेन

आपण धावू लागलो की श्वास जलद होतो, विसावलो की मंदावतो. झोपेतही तो थांबत नाही. हा हिशेब शरीरात कोण ठेवतो? याचे उत्तर शोधण्यासाठी जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी स्वतःचा देह पणाला लावला.

हॉल्डेन यांचा जन्म 1860 साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. तेथेच वैद्यकाचे शिक्षण पुरे करून ते ऑक्सफर्ड येथे संशोधन करू लागले.

1896 साली वेल्समधील टायलर्सटाउन येथे कोळशाच्या खाणीत भीषण स्फोट होऊन 57 माणसे दगावली. हॉल्डेन यांनी तेथे जाऊन प्रेते तपासली. बहुतेकांचे प्राण स्फोटाने नव्हे, तर मागाहून पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने घेतले होते. या वायूला ना रंग, ना वास. रक्तातील प्राणवायूची जागा तो गुपचूप बळकावतो. हॉल्डेन यांनी तो स्वतः श्वासावाटे घेतला आणि त्याचा परिणाम आपल्याच रक्तात मोजला. उंदरासारखे लहान प्राणी या वायूने माणसाच्या आधी कोसळतात, हे पाहून त्यांनी असे प्राणी खाणीत सोबत नेण्याचा सल्ला दिला. त्यामुळे अनेक कामगारांना वेळीच बाहेर पडता आले.

पण या विषाने माणसाचा जीव गुदमरत का नाही? त्याचा उलगडा 1905 साली झाला. प्रीस्टली या सहकाऱ्यासह हॉल्डेन यांनी फुप्फुसांच्या तळची हवा तपासली. तिच्यातील कार्बन डायऑक्साइड केवळ 0.2 टक्क्याने वाढला, तरी श्वसन दुप्पट होते, असे त्यांना आढळले. मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र सामान्यतः प्राणवायूच्या उणिवेपेक्षा या वायूच्या वाढीनेच जागे होते. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत ही वाढ होत नाही. म्हणून शरीराला धोक्याची सूचनाच मिळत नाही.

पहिल्या महायुद्धात, 1915 साली, रणांगणावर क्लोरीन वायू सोडण्यात आला. हॉल्डेन तातडीने फ्रान्समध्ये गेले. वायूने फुप्फुसे सुजलेल्या सैनिकांना श्वास घेऊनही प्राणवायू पुरेसा मिळत नसे. अशा रुग्णांना तो मोजून, सतत देता यावा म्हणून त्यांनी उपकरण तयार केले.

1936 साली ऑक्सफर्ड येथे हॉल्डेन यांचे निधन झाले. इतरांचा श्वास चालू राहावा म्हणून त्यांनी आपला श्वास अनेकदा संकटात घातला होता.