जॉन हंटर

स्कॉटलंडमधील लाँग कॅल्डरवुड येथे १७२८ साली जॉन हंटर ह्याचा जन्म झाला. दहा भावंडांत तो सर्वांत धाकटा. त्याच्या वयाच्या तेराव्या वर्षी वडील वारले. शाळेत त्याचे मन कधी रमले नाही व लवकरच ती सुटली. मुंग्या, मधमाश्या आणि पाखरे न्याहाळणे हाच त्याचा अभ्यास होता.

१७४८ साली तो लंडनला आपला वडील बंधू विल्यम ह्याच्या शारीरशास्त्राच्या शाळेत मदतनीस म्हणून गेला. विच्छेदनाच्या कामात त्याचा हात लवकरच तरबेज झाला. पुढे तो नामांकित शस्त्रवैद्य झाला आणि १७६७ साली रॉयल सोसायटीचा सदस्य निवडला गेला.

त्या काळी डेन्स बॅरिंग्टन हा न्यायाधीश पक्ष्यांच्या गायनाचा अभ्यास करीत होता. कित्येक जातींत नर मधुर गातो आणि मादी मात्र गात नाही, असे का व्हावे? बॅरिंग्टनच्या विनंतीवरून हंटरने अनेक पक्ष्यांचे कंठ उघडून पाहिले. तेवढ्याच आकाराच्या इतर पक्ष्यांपेक्षा नाइटिंगेलच्या स्वरयंत्राचे स्नायू अधिक बळकट आढळले. ज्या जातींचे नर व मादी दोन्ही तपासले, त्यांत नराचेच स्नायू बळकट निघाले. बॅरिंग्टनने १७७३ साली हे प्रसिद्ध केले.

पक्ष्याचे स्वरयंत्र श्वासनलिकेच्या तळाशी, तिला दोन शाखा फुटतात तेथे असते. उच्छ्वासाने त्यातील पातळ पडदे कंप पावतात आणि भोवतालचे स्नायू ते पडदे ताणून अथवा सैल सोडून स्वर बदलतात.

परंतु ह्याने कोडे पुरते सुटले नाही. चंडोलांच्या सहवासात वाढविलेली लिनेटची पिले चंडोलाचे गाणे गातात, हेही बॅरिंग्टनने पाहिले होते. कंठ लिनेटचा, मग गाणे चंडोलाचे कसे? स्नायूंच्या बळकटीत ह्याचे उत्तर नव्हते.

हंटर १७९३ साली निवर्तला. त्याने जमविलेले सुमारे चौदा हजार नमुने त्याच्यामागे राहिले. कोड्याचा उरलेला भाग मेंदूत दडला होता. अमेरिकेतील नोटेबोम आणि अर्नोल्ड ह्या संशोधकांनी १९७६ साली दाखवून दिले, की कॅनरी पक्ष्याच्या मेंदूतील गायनाची केंद्रे मादीपेक्षा नरात पुष्कळ मोठी असतात. पिलू ऐकलेले गाणे मेंदूत साठविते आणि पुढे कंठाकडून ते गिरवून घेते.

शाळेत न रमलेल्या ह्या मुलाने पाखराच्या कंठापर्यंत वाट काढली. पुढची वाट चालण्यास दोनशे वर्षे लागली.