आयर्लंडच्या आडून मायदेशाची कथा : चेक पत्रकार कारेल हावलिचेक

१८४० च्या दशकात प्राग शहर ऑस्ट्रियन साम्राज्याचा भाग होते. तेथील वृत्तपत्रांचा मजकूर छपाईपूर्वी सरकारी सेन्सॉरच्या नजरेखालून जात असे. स्वदेशातील राजकारणावर स्पष्ट लिहिणे जवळपास अशक्य होते. या कोंडीतून संपादक कारेल हावलिचेक बोरोव्हस्की यांनी आयर्लंडच्या मार्गाने वाट काढली.

३१ ऑक्टोबर १८२१ रोजी बोरोवा गावातील एका व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. धर्मगुरू होण्यासाठी ते प्रागमधील धर्मशिक्षण संस्थेत दाखल झाले. मात्र वर्षभरातच त्यांना तेथून काढून टाकण्यात आले. १८४३ मध्ये ते खासगी शिक्षक म्हणून मॉस्कोला गेले. रशिया हा सर्व स्लाव्ह जनांचा तारणहार आहे, ही त्यांची श्रद्धा तेथील झारशाही आणि भूदासप्रथा पाहून मावळली.

१८४६ मध्ये त्यांच्याकडे ‘प्राझस्के नोविनी’ या पत्राचे संपादकपद आले. ब्रिटनशी झालेले एकीकरण रद्द करून स्वतःची संसद मिळावी, यासाठी डॅनिअल ओकॉनेल यांनी आयर्लंडमध्ये चालविलेल्या चळवळीचे वृत्त ते सविस्तर देऊ लागले. बातमी परदेशची असल्याने सेन्सॉरला हरकत घेणे अवघड जाई. लंडनच्या जागी व्हिएन्ना वाचायचे, हे वाचकांना उमगत असे. ‘रिपील’ हे त्या चळवळीचे नाव प्रागमधील तरुण जहालांच्या एका गुप्त गटानेही घेतले.

फेब्रुवारी १८४८ मध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली. याच गटाच्या पुढाकाराने ११ मार्च रोजी प्रागमध्ये जाहीर सभा भरली. मुद्रणस्वातंत्र्य, चेक व जर्मन भाषांची समानता आणि वेठबिगारीचा अंत या मागण्या उघडपणे पुढे आल्या. एप्रिलमध्ये हावलिचेक यांनी ‘नारोद्नी नोविनी’ हे दैनिक सुरू केले. परकीय क्रांतीचे अनुकरण मात्र त्यांना मान्य नव्हते; सशस्त्र उठावापेक्षा राज्यघटनेच्या मार्गावर त्यांचा भर होता.

क्रांती ओसरल्यावर १८५० मध्ये दैनिक बंद पाडण्यात आले. ज्युरीने त्यांना दोनदा निर्दोष ठरविले. तरीही डिसेंबर १८५१ मध्ये पोलिसांनी त्यांना मध्यरात्री उचलून टायरॉलमधील ब्रिक्सेन येथे हद्दपार केले. १८५५ मध्ये ते परतले, तेव्हा पत्नी यूलिया हयात नव्हती. २९ जुलै १८५६ रोजी, वयाच्या ३४ व्या वर्षी, क्षयाने त्यांचे प्रागमध्ये निधन झाले.

त्यांच्या ‘क्राल लाव्हरा’ या उपहासकाव्यातील गाढवाचे कान असलेला राजा आयरिश दंतकथेतीलच आहे. राजाने कितीही दडविले, तरी ते गुपित अखेर जगजाहीर होते.