संज्ञापनशास्त्रज्ञ डॉ. एव्हरेट रॉजर्स : जीवन आणि कार्य

थोरांची चरित्रे म्हटली की सेनापती, साधुसंत अथवा देशभक्त ह्यांच्याकडेच आपली दृष्टी प्रथम वळते. ज्याने राज्य जिंकले नाही, एखादे यंत्रही निर्माण केले नाही, केवळ माणसे नवी गोष्ट का स्वीकारतात आणि का नाकारतात ह्या एकाच प्रश्नाचा सुमारे पन्नास वर्षे पाठपुरावा केला, अशा एका विद्वानाचा परिचय ज्ञातिबंधुभगिनींस करून द्यावा असे योजिले आहे. ज्यांच्या घरी आजही शेतीभाती आहे, त्यांना तर ही कथा परकी वाटणारच नाही.

अमेरिकेतील आयोवा हे राज्य मक्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील कॅरल गावाच्या परिसरात पाइनहर्स्ट नावाचा एक शेतमळा होता. त्या मळ्यावर ६ मार्च १९३१ रोजी एव्हरेट रॉजर्स ह्यांचा जन्म झाला. जागतिक मंदीचा तो काळ, घरची स्थिती बेताची. वडिलांना यंत्रांची मोठी हौस. नवे अवजार आले की ते शेतावर आणण्यास ते मागेपुढे पाहत नसत. परंतु नव्या बियाण्याची गोष्ट निघाली की हाच गृहस्थ एकदम सावध होई. संकरित मक्याचे बियाणे त्या सुमारास नुकतेच प्रचारात आले होते. त्याचे उत्पन्न जुन्या वाणापेक्षा सुमारे पावपट अधिक, आणि अवर्षणातही ते तग धरी. तरी दरवर्षी विकत घ्यावे लागणारे ते बी त्यांनी शेतात पडू दिले नाही. पुढे १९३६ साली भीषण अवर्षण पडले. शेजाऱ्यांच्या शेतांत संकरित मका ताठ उभा राहिला आणि रॉजर्सांच्या शेतातला मका माना टाकून कोमेजून गेला. त्यानंतर मात्र वडिलांचे मत पालटले. पाच वर्षांच्या बालकाने पाहिलेले ते करपलेले पीक त्याच्या मनातून कधीच गेले नाही. किंबहुना पुढील सर्व संशोधनाचे बीज तेथेच पडले असे म्हणावयास हरकत नाही.

महाविद्यालयात जाण्याचा विचार ह्या मुलाच्या मनात मुळी नव्हताच. शाळेतील एका शिक्षकाने आपल्या काही विद्यार्थ्यांना मोटारीतून एम्स येथील आयोवा स्टेट ही शिक्षणसंस्था दाखवावयास नेले आणि त्या एका फेरीने आयुष्याची दिशा बदलली. (अशा शिक्षकांची चरित्रे कोणी लिहीत नाही, हे आपले दुर्दैव.) तेथे कृषिविषयक पदवी घेऊन, कोरियन युद्धाच्या काळात दोन वर्षे वायुदलात सेवा करून रॉजर्स पुन्हा एम्सलाच परतले आणि ग्रामीण समाजशास्त्राच्या अभ्यासाला लागले.

त्या संस्थेत ह्या विषयाची परंपरा आधीच सुरू झाली होती. ब्राइस रायन व नील ग्रॉस ह्या दोघांनी आयोवातील दोन गावांच्या २५९ शेतकऱ्यांच्या मुलाखतींवर आधारलेला एक निबंध १९४३ साली प्रसिद्ध केला होता. त्या २५९ पैकी दोघे वगळता सर्वांनी तोवर संकरित बियाणे स्वीकारले होते. पण त्याला बारा-तेरा वर्षे लागली होती. नव्या बियाण्याची बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली. विश्वास मात्र बसला तो शेजाऱ्याच्या सांगण्यावरून आणि त्याचे शेत डोळ्यांनी पाहून.

रॉजर्स ह्यांनी आपल्या प्रबंधासाठी १९५४ साली कॉलिन्स नावाच्या गावातील शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. टू-फोर-डी हे तणनाशक आणि तत्सम नव्या गोष्टी कोणी केव्हा स्वीकारल्या, हा विषय. त्या मुलाखतींत त्यांना असा एक शेतकरी भेटला की ज्याने सर्वच रासायनिक द्रव्ये नाकारली होती. ह्या औषधांनी जमिनीतील गांडुळे मरतात, पक्षी मरतात, असे त्याचे म्हणणे होते. तरुण संशोधकाने त्याचे म्हणणे टिपून घेतले, आणि मोजपट्टीप्रमाणे त्याची गणना पिछाडीच्या वर्गात करून तो पुढे गेला. वाचकांनी हा शेतकरी लक्षात ठेवावा. त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

प्रबंधाची पूर्वपीठिका लिहिताना रॉजर्स ह्यांच्या ध्यानी एक गोष्ट आली. शेतकरी नवे बियाणे स्वीकारतो, डॉक्टर नवे औषध स्वीकारतो, शाळा नवी शिक्षणपद्धती स्वीकारते. ह्या तिन्ही ठिकाणी गती सारखीच असते. आरंभी एखाददुसरा धाडसी माणूस, मग गावात ज्याच्या शब्दाला मान आहे असे काही जण, आणि त्यानंतर एकदम लोंढा. हा विचार विस्तारून, ४०५ ग्रंथ-निबंधांचा परामर्श घेऊन त्यांनी १९६२ साली 'डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या वेळी ते अवघे एकतीस वर्षांचे होते. समाजातील शेकडा अडीच प्रवर्तक, साडेतेरा अग्रेसर, चौतीस लवकर येणारे, चौतीस उशिरा येणारे आणि उरलेले सोळा पिछाडीचे, ही त्यांची विभागणी पुढे कृषिविस्तार अधिकाऱ्यांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सर्वांच्या तोंडी झाली. त्या ग्रंथाच्या २००३ पर्यंत पाच आवृत्त्या निघाल्या.

ह्या ग्रंथातील एक प्रकरण आमच्या मते सर्वांत बोधप्रद आहे. पेरू देशातील लॉस मोलिनास ह्या गावी पाणी उकळून पिण्याचा प्रचार करण्यासाठी एक आरोग्यसेविका दोन वर्षे झटली. मूळ अभ्यास एडवर्ड वेलिन ह्यांचा. गावातील दोनशे कुटुंबांपैकी अवघ्या अकरांनी तिचे ऐकले. कारण काय? उकळलेले पाणी आजाऱ्याने प्यावयाचे, निरोग्याने नव्हे, अशी तेथील लोकांची पक्की समजूत होती. उष्ण काय, थंड काय, कोणाला काय बाधते, ही गणिते आपल्याकडील आजीबाईंनाही अपरिचित नाहीत. जंतूंचे व्याख्यान त्या गणितापुढे निष्प्रभ ठरले.

ओहायो येथून १९६३ साली रॉजर्स कोलंबियास गेले आणि तेथील खेड्यांत संशोधन करू लागले. त्यानंतर मिशिगन स्टेट विद्यापीठातर्फे ब्राझील, नायजेरिया आणि भारत ह्या तीन देशांत मोठा अभ्यास झाला. त्याच्या भारतीय भागात महाराष्ट्रातील खेड्यांचाही समावेश होता. योगायोग असा की त्याच सुमारास, १९६४ साली, संकरित ज्वारीचा सीएसएच-१ हा वाण आपल्याकडे प्रसृत झाला. हायब्रीडच्या भाकरीला गावरान भाकरीची चव नाही, म्हणून कुरकुरणारी वडीलधारी मंडळी पुष्कळ वाचकांनी पाहिली असतील. त्यांना अडाणी म्हणणे सोपे होते.

आणि येथेच रॉजर्स ह्यांचे मोठेपण दिसते. लॅटिन अमेरिकेतील लुईस रामिरो बेल्त्रान, हुआन दियास बोर्देनावे आदी विद्वानांनी आक्षेप घेतला की ह्या शास्त्रात नवी वस्तू चांगलीच आहे असे गृहीत धरले जाते, आणि ती न घेणाऱ्याच्या माथी दोष मारला जातो. त्याच्याजवळ जमीन आहे की नाही, पैसा आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही. आपल्या कीर्तीचा पायाच हलविणारी ही टीका होती. रॉजर्स ह्यांनी ती धुडकावून लावली नाही. १९७६ साली एका नियतकालिकाचा विशेषांक त्यांनी संपादित केला, त्यात ह्या दोघांना स्थान दिले आणि स्वतःही विकासाची जुनी कल्पना मोडीत निघाल्याचे लिहिले. पुढील आवृत्त्यांत ह्या दोषांची चर्चा त्यांनी स्वतःच केली. कॉलिन्सच्या त्या शेतकऱ्याची आठवण तेथे येते. आपण ज्याला पिछाडीचा ठरविले तो सेंद्रिय शेती करणारा होता, आजच्या मापाने तो सर्वांच्या पुढे गणला जाईल, हे त्यांनी मोकळेपणाने नमूद केले. ज्याच्या स्वतःच्या पित्यास त्याच मोजपट्टीने मागे पडलेला म्हणावे लागले असते, त्याला ही कबुली किती जवळची वाटली असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

उत्तरायुष्यातील कार्य आता थोडक्यात सांगतो. १९७५ पासून दहा वर्षे ते स्टॅनफर्ड विद्यापीठात होते. लॉरेन्स किंकेड ह्यांच्यासह त्यांनी कोरियातील खेड्यांमधील मातृमंडळांचा अभ्यास केला. कुटुंबनियोजनाचा विचार बायकांच्या आपसांतील बोलण्यातून कसा पसरतो, ते त्यात दाखविले आहे. दूरदर्शनवर १९८४-८५ मध्ये 'हम लोग' ही मालिका झाली. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार येऊन दोन शब्द सांगत, हे अनेकांना स्मरत असेल. करमणुकीतून लोकशिक्षण होते काय, हे पाहण्यासाठी रॉजर्स व त्यांचे शिष्य अरविंद सिंघल ह्यांनी ह्या मालिकेचा परिणाम तपासला. टांझानियातील एका नभोनाट्यमालिकेचा अभ्यासही असाच. तेथे एका भागात पहिली दोन वर्षे ती मालिका ऐकविलीच नाही, म्हणजे फरक स्पष्ट दिसावा.

न्यू मेक्सिको विद्यापीठात अखेरची वर्षे काढून २००४ साली ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबर रोजी त्यांचे निधन झाले. 'डिफ्यूजन'च्या शेवटच्या आवृत्तीपर्यंत ह्या विषयावरील लेखनाची संख्या पाच हजारांवर गेली होती. त्यांचे एक पुस्तक मात्र निधनानंतर, २००८ साली, छापून आले. त्यात सिद्धान्त नाहीत, कोष्टके नाहीत. पाइनहर्स्टच्या मळ्यावरील बालपणाच्या आठवणी आहेत.