दूरध्वनीचे जनक : अलेक्झांडर ग्रॅहम बेल

आमच्या शाळेच्या कार्यालयातील दूरध्वनीची तार पूर्वी भिंतीतून बाहेर पडून रस्त्यावरच्या खांबाकडे जात असे. आता ती हातभर अंतरावर ठेवलेल्या वायफायच्या पेटीपाशीच संपते. अशा पेटीच्या पाठीमागे फोनसाठी एक लहानशी चौकोनी खाच असते. जुन्या यंत्राची पिन तीत बसवावयाची. सेवा देणाऱ्या संस्थेकडून मिळालेला क्रमांक, खात्याचे नाव व गुप्त शब्द पेटीत नोंदवावयाचे. आणि पेटीवरचा फोनचा दिवा स्थिर झाला म्हणजे रिसीव्हर उचलून कानाला लावावयाचा. ओळखीचा तो गुंजारव ऐकू येतो. मात्र तो आता दूरच्या एक्स्चेंजमधून येत नसून ती पेटीच तो निर्माण करते, आणि बोललेला शब्द तेथून इंटरनेटच्या मार्गाने जगाच्या दुसऱ्या टोकाला जातो.

हे पाहत असता, मानवी वाणीला तारेवरून चालावयास शिकविणाऱ्या पुरुषाचे चरित्र आम्हांस सहजच आठवले. त्या चरित्रात एक विलक्षण विरोध आहे. ज्याने साऱ्या जगाला दूरचा आवाज ऐकविला, त्याची माता बहिरी होती आणि पत्नीही बहिरी होती. हा विरोध ध्यानात ठेवूनच ते वाचले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचा जन्म 3 मार्च 1847 रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो नगरात झाला. वाणीचा अभ्यास हा या घराण्याचा पिढीजात व्यवसाय होता. आजोबा लंडनमध्ये शुद्ध उच्चार व वक्तृत्व शिकवीत. वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल यांनी तर प्रत्येक ध्वनी उच्चारताना जीभ, ओठ व कंठ यांची स्थिती कशी असते, हे दाखविणारी एक स्वतंत्र लिपी तयार करून 1867 साली प्रसिद्ध केली. माता एलायझा या उत्तम पियानो वाजवीत. परंतु त्यांची श्रवणशक्ती उत्तरोत्तर क्षीण होत गेली. इतर माणसे त्यांच्याशी बोलताना मोठ्याने ओरडत. लहानग्या अलेकने मात्र निराळी युक्ती शोधली. तो आईच्या कपाळाशी तोंड नेऊन हलक्या, खोल स्वरात बोले, आणि त्या कंपनांवरून आईला त्याचे बोलणे उमगे. घरात मंडळी जमली म्हणजे तो तिच्याजवळ बसून त्यांचे संभाषण बोटांच्या खुणांनी तिला सांगत असे. ध्वनी हे केवळ कंपन होय आणि ते कानाखेरीज अन्य मार्गानेही पोहोचविता येते, हा पहिला धडा त्याला कोणत्याही पाठशाळेत नव्हे, आईच्या सन्निध मिळाला.

तारुण्यात पदार्पण करताच या कुटुंबावर आघात झाले. 1867 साली धाकटा भाऊ एडवर्ड क्षयाने गेला. 1870 साली थोरला मेलव्हिलही त्याच रोगाने गेला. उरलेल्या एकुलत्या मुलाची प्रकृतीही चांगली नव्हती. तेव्हा आईवडिलांनी मायदेश सोडला आणि त्याला घेऊन ते कॅनडातील ब्रँटफर्ड या गावी जाऊन राहिले. तेथील मोकळ्या हवेत त्याची प्रकृती सुधारली. पुढच्याच वर्षी, 1871 मध्ये, बेल बोस्टनला बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिक्षक म्हणून गेले, आणि 1873 साली बोस्टन विद्यापीठात वाणीच्या शरीरशास्त्राचे प्राध्यापक झाले.

ज्यांनी कधी शब्द ऐकला नाही अशा मुलांना बोलावयास शिकविणे, हेच आपले जीवनकार्य असे ते मानीत. जन्मभर त्यांनी स्वतःला बहिऱ्यांचा शिक्षक म्हणवून घेण्यातच भूषण मानले. त्यांच्या विद्यार्थ्यांत मेबल हबर्ड नावाची एक युवती होती. वयाच्या पाचव्या वर्षी आलेल्या एका ज्वरात तिची श्रवणशक्ती नष्ट झाली होती. तिचे वडील गार्डिनर हबर्ड आणि दुसऱ्या एका बहिऱ्या विद्यार्थ्याचे वडील थॉमस सँडर्स या दोघांनी बेल यांच्या प्रयोगांना द्रव्यसाहाय्य केले. म्हणजे दूरध्वनीचे भांडवलदेखील बहिऱ्या मुलांच्या घरांतूनच आले!

त्या काळी तारायंत्र जगभर पसरले होते. विद्युत्प्रवाह चालू करावयाचा व बंद करावयाचा, एवढ्या दोनच क्रियांवर त्याचा सारा व्यवहार चाले. एकाच तारेवरून एकाच वेळी अनेक संदेश निरनिराळ्या स्वरांत पाठविता यावेत, या खटपटीत बेल होते. दिवसा अध्यापन आणि रात्री प्रयोग, असा त्यांचा क्रम होता. 1874 साली एका वैद्य मित्राच्या साहाय्याने त्यांनी मृत माणसाचा कान प्रयोगासाठी मिळविला. कानातील पडदा किती नाजूक असतो आणि तरीही तो त्यामानाने जड अशी हाडे कशी हलवितो, हे पाहून त्यांच्या मनात विचार आला की, असाच एखादा पडदा लोखंडाचा तुकडा का हलविणार नाही? आणि तो तुकडा चुंबकापुढे हलला, तर आवाजाच्या लाटेप्रमाणेच कमीजास्त होणारा अखंड विद्युत्प्रवाह का निर्माण होणार नाही? तारायंत्रातील तुटक प्रवाहाऐवजी लाटेसारखा वाहणारा प्रवाह, हीच दूरध्वनीची गुरुकिल्ली होय.

तथापि आपले विद्युच्छास्त्राचे ज्ञान तोकडे आहे, ही जाणीव त्यांना खात होती. मार्च 1875 मध्ये ते वॉशिंग्टनला वृद्ध शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांना भेटले. ज्ञान नसेल तर ते मिळवावे, पण ही कल्पना सोडू नये, असा उपदेश हेन्री यांनी त्यांना केला. त्या एका भेटीने बेल यांना धीर आला. त्याच वर्षीच्या 2 जून रोजी त्यांचा कुशल कारागीर थॉमस वॉटसन हा एका खोलीत यंत्राची अडकलेली पट्टी बोटाने मोकळी करीत असता, तिचा सूक्ष्म टणत्कार दुसऱ्या खोलीत बेल यांच्या कानी पडला. हजारो लोकांनी जो आवाज बिघाड म्हणून सोडून दिला असता, त्याचा अर्थ या शिक्षकाच्या शिकविलेल्या कानाने तत्काळ ओळखला.

14 फेब्रुवारी 1876 रोजी बेल यांच्या वतीने पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. विचित्र योगायोग असा की, एलिशा ग्रे या दुसऱ्या संशोधकानेही आपल्या तशाच कल्पनेची सूचना त्याच दिवशी त्याच कचेरीत दाखल केली. 7 मार्च रोजी बेल यांना पेटंट मिळाले आणि 10 मार्च रोजी बोस्टनमधील त्यांच्या राहत्या जागेत, शेजारच्या खोलीतील वॉटसनला बोलावणारे त्यांचे शब्द तारेवरून स्पष्ट ऐकू गेले. त्या दिवशी वापरलेले आम्लजलाचे साधन ग्रे यांच्या वर्णनाशी जुळणारे होते. त्यामुळे पहिला मान कोणाचा, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. त्यापूर्वी जर्मनीत फिलिप राइस यांनीही या दिशेने प्रयोग केले होते. शेकडो दावे झाले. पण न्यायालयांनी बेल यांचा हक्क मान्य केला. कोणताही मोठा शोध एकट्याचा क्वचितच असतो, एवढे मात्र यावरून आपण शिकावे.

1876 च्या जूनमध्ये फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनात ब्राझीलचे सम्राट दुसरे पेद्रो आणि सर विल्यम थॉमसन यांनी हे यंत्र कानाला लावले, आणि त्याची कीर्ती पसरली. 11 जुलै 1877 रोजी बेल यांचा मेबलशी विवाह झाला. नव्या कंपनीतील आपले भाग, दहा वगळता सर्वच्या सर्व, त्यांनी पत्नीला भेट दिले. ज्या यंत्रातून आपणांस एक अक्षरही ऐकू येणार नाही, त्याची मोठी भागीदारीण अशा रीतीने एक बहिरी स्त्री झाली! अवघ्या काही वर्षांतच, 1882 साली, कोलकाता, मुंबई व मद्रास येथे दूरध्वनीची केंद्रे उघडून हा शोध आपल्या देशातही आला.

यानंतरची एक कथा फार थोड्यांना ठाऊक असते. दूरध्वनीच्या शोधाबद्दल 1880 साली फ्रान्सकडून मिळालेल्या पारितोषिकाच्या द्रव्यातून बेल यांनी प्रयोगशाळा काढली. त्याच वर्षी चार्ल्स समनर टेंटर या सहकाऱ्यासह त्यांनी असे यंत्र सिद्ध केले की, त्याला तार लागतच नसे. बोलणाऱ्याच्या आवाजाने एक पातळ आरसा कंप पावे; त्यावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश त्या कंपनांप्रमाणे कमीजास्त होई; आणि दूर ठेवलेला सेलेनियम हा पदार्थ त्या प्रकाशाच्या चढउताराचे विद्युत्प्रवाहात रूपांतर करी. वॉशिंग्टनमध्ये एका शाळेच्या गच्चीवरून टेंटर बोलले, आणि 213 मीटर दूर असलेल्या बेल यांनी केवळ प्रकाशकिरणावरून आलेले ते शब्द ऐकून खिडकीतून आपली टोपी हलविली. दूरध्वनीपेक्षाही हा आपला शोध थोर आहे, असे बेल अखेरपर्यंत मानीत. जगाने मात्र त्याची फारशी दखल घेतली नाही. ढग आले, धुके पडले की किरण अडे आणि शब्द खुंटे. दूरध्वनीने त्यांना धन दिले. प्रकाशाच्या या यंत्राने जवळजवळ काहीच दिले नाही.

धनाने व कीर्तीने दुःख मात्र टळले नाही. 1881 साली त्यांचा पुत्र एडवर्ड जन्मतःच श्वास नीट न घेता आल्यामुळे दगावला. शोकात बसून न राहता बेल यांनी छातीभोवती हवेचा दाब कमीजास्त करून श्वासोच्छ्वास चालू ठेवणारे एक साधन रचले. आंधळी व बहिरी बालिका हेलन केलर हिला घेऊन तिचे वडील त्यांच्याकडे आले, तेव्हा योग्य शाळेचा मार्ग त्यांनीच दाखविला. त्यातूनच 1887 साली तिला अॅन सुलिव्हन ही शिक्षिका लाभली. पुढे 1903 साली हेलनने आपले आत्मचरित्र बेल यांनाच अर्पण केले.

परंतु चरित्र म्हणजे केवळ स्तुती नव्हे. बहिऱ्यांनी ओठ वाचावेत व मुखानेच बोलावे, हातांच्या खुणांची भाषा शाळांतून काढून टाकावी, असा बेल यांचा आग्रह होता. बहिऱ्यांनी आपसांत विवाह केल्यास माणसांची बहिरी जात निर्माण होईल, अशी भीतीही त्यांनी एका निबंधात व्यक्त केली. बालपणी ज्याने आईला बोटांच्या खुणांनी सारे घर ऐकविले, त्यानेच पुढे खुणांच्या भाषेला विरोध करावा, ही खेदाची गोष्ट होय. या मताच्या प्रभावामुळे पिढ्यान्‌पिढ्या अनेक बहिऱ्या मुलांना शाळेत आपली स्वाभाविक भाषा वापरता आली नाही. त्यांचा हेतू प्रेमाचा होता, यात संशय नाही. पण ज्यांच्यासाठी आपण झटतो त्यांचे म्हणणे विचारले नाही, तर प्रेमही चुकते.

2 ऑगस्ट 1922 रोजी कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात बेल यांनी देह ठेवला. शेवटच्या क्षणी मेबल त्यांच्याजवळ होत्या. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतील दूरध्वनी एक मिनिट बंद ठेवण्यात आले. ज्याने मौन मोडले, त्याला जगाने मौनानेच वंदन केले.

आता आपण पुन्हा त्या पेटीकडे वळू. आपण रिसीव्हरमध्ये बोललो की, त्यातील पडदा आजही कंप पावतो. खाचेपर्यंतच्या त्या वीतभर तारेत बेल यांचाच लाटेसारखा प्रवाह वाहतो. पेटी मात्र त्या लाटेची उंची सेकंदाला 8,000 वेळा मोजते, त्या अंकांचे लहान लहान गठ्ठे बांधते आणि प्रत्येक गठ्ठ्यावर पत्ता घालून तो रवाना करते. पलीकडची पेटी ते गठ्ठे क्रमाने उलगडून पुन्हा लाट उभी करते. जुन्या दूरध्वनीला एक्स्चेंजमधूनच वीज मिळे. या पेटीची वीज गेली की फोनही मुका होतो, हे मात्र ज्याने त्याने ध्यानात ठेवावे.

आणि ते गठ्ठे पेटीतून बाहेर कशावरून जातात? पुष्कळ ठिकाणी केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून, प्रकाशाच्या रूपाने जातात. लांब अंतरावर संदेश नेण्यास काचतंतू समर्थ होईल, हे 1966 साली चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले. ज्या प्रकाशाला ढग व धुके अडवीत, तो आता काचेच्या आत सुरक्षित चालतो. बेल यांनी उराशी धरलेली आणि जगाने बाजूला ठेवलेली कल्पना अशा रीतीने दुसऱ्यांच्या हातून फळास आली.

त्याहूनही एक मोठी गोष्ट याच पेटीने साधली आहे. तिच्यातून आवाजाप्रमाणेच चालते चित्रही जाते. त्यामुळे दूर राहणारी बहिरी मुलगी आज आपल्या आईसमोर पडद्यावर उभी राहते आणि हातांच्या खुणांनी तिच्याशी मनसोक्त बोलते. एलायझा व मेबल यांना जो दूरध्वनी कधीच उपयोगी पडला नाही, तो त्यांच्यासारख्यांच्या उपयोगी पडावयास शंभराहून अधिक वर्षे लागली. आणि तेही बेल यांनी नाकारलेल्या भाषेतच. हे पाहून ते रागावले असते, असे आम्हांस वाटत नाही. आईच्या कपाळाशी तोंड नेणारा तो लहानगा अलेक तर निश्चितच आनंदला असता.