राष्ट्रपतिपदाची चौकट आणि डॉ. आंबेडकर

उस्मानपुऱ्यापासून फारशा दूर नसलेल्या नागसेनवनात १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला बसविण्यात आली. संस्थापक डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा केंद्रीय कायदेमंत्री होते. चार आठवड्यांच्या आत त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला.

१८९१ साली महू येथे जन्मलेल्या आणि कोलंबिया व लंडन येथे अर्थशास्त्राचे अध्ययन केलेल्या बाबासाहेबांनी सत्तेचा विचार नेहमी जबाबदारीच्या अंगाने केला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेचा अध्यक्ष व भारताचा राष्ट्रपती यांतील भेद विशद केला. अमेरिकेत कार्यकारी सत्ता अध्यक्षाच्या हाती असते व त्याची मुदत विधिमंडळाच्या मर्जीवर अवलंबून नसते. भारतीय राष्ट्रपतीचे स्थान मात्र इंग्लंडच्या राजासारखे. तो राष्ट्राचे प्रतीक होय, शासनकर्ता नव्हे. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक. बाबासाहेबांनी जबाबदारीला अग्रक्रम दिला. न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून विभक्त असावी, हे तत्त्वही ५० व्या अनुच्छेदात आले.

या रचनेची कसोटी लवकरच लागली. हिंदू कोड बिलाला राजेंद्रप्रसादांचा विरोध होता. १५ सप्टेंबर १९५१ रोजी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून या विधेयकाबाबत स्वतःच्या विवेकानुसार वागण्याचा अधिकार त्यांनी सूचित केला. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतीवर बंधनकारक आहे, असा अभिप्राय महान्यायवादी सेटलवाड यांनी दिला. तथापि विधेयक अडले ते राष्ट्रपतींमुळे नव्हे, तर सत्तारूढ पक्षातील विरोधामुळे. बाबासाहेबांनी २७ सप्टेंबरला राजीनामा दिला. त्याला अन्य कारणेही होती. परंतु हे शल्य मोठे होते. ज्या संसदेला त्यांनी श्रेष्ठ ठरविले, तिथेच त्यांचा पराभव झाला, आणि तो त्यांनी घटनेच्या चौकटीतच स्वीकारला. १९५५-५६ मध्ये तेच विधेयक चार कायद्यांच्या रूपाने संमत झाले आणि त्यांवर राजेंद्रप्रसादांचीच स्वाक्षरी झाली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निधन झाले.

पुढे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने सल्ल्याचे बंधन स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो एकदा फेरविचारार्थ परत पाठविण्याची मुभा राष्ट्रपतींना मिळाली. पण २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली, ती केवळ पंतप्रधानांच्या सल्ल्यावर; मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. राष्ट्रपतींचे हात बांधले म्हणजे सत्ता मर्यादित झाली, असे नव्हे. मंत्रिमंडळ आणि संसद जागी असेल, तरच त्या बंधनाला अर्थ राहतो.